पाऊणचा गुणक

११ ऑक्टोबर, दुपार

चि. मुंगीस,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. तुझ्या आईचा गुडघा डॉक्टरांपेक्षा तिच्या स्वतःच्याच सल्ल्याने बरा होत आहे. मला संस्थेने नवी खुर्ची दिली; तिला सात कळा आहेत, त्यांतली एकही माझे ऐकत नाही. तुझे हवामान खाते काय म्हणते? तुमचा अंदाज चुकला तर निदान दुसऱ्या दिवशी कळते. आमच्याकडे एकोणीस वर्षे लागतात.

परवा तुझ्या आईने विचारले, "तुम्ही दोघं नेमकं काय काढत होतात रे?" म्हटले, हलक्या अणुकेंद्रातला एखादा न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो, ते किती वेळात होणार, हे गणिताने काढायचे. "ते आपोआप होतंच ना? मग तुम्ही कशाला मध्ये?" मी हसलो. मग ती म्हणाली, "आणि पोरीचं काय चुकलं होतं?" त्यावर मी पंखा आवाज करतो, असे काहीतरी बोललो.

म्हणून हे पत्र. तुला सगळे ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. लिहिताना पळता येत नाही.

जुन्या गणितात आम्ही केंद्रातला प्रत्येक कण सुटा धरत असू. उत्तर नेहमी प्रयोगापेक्षा घाईचे येई, म्हणून शेवटी त्या बदलाचा जोर पाऊणने गुणायचा. का, ते कोणी विचारत नसे. तू विचारलेस. दोन-दोन कण मिळून काय करतात तेही धरलेस, त्यात दोन वर्षे घातलीस, आणि सहा कणांच्या हेलियमचे आकडे माझ्या हाती दिलेस. मी ते माझ्या जुन्या प्रोग्राममधून काढले. गटाच्या बैठकीत उत्तर फळ्यावर मांडले, तर केंद्र इतके आळशी निघाले की सगळी बैठक हसली. मी सर्वांत आधी.

"मामा, शेवटचा प्रोग्राम तुझा आहे. तो एकदा उघडून बघशील?"

"तो तू शाळेत होतीस तेव्हापासून बरोबर चालतोय. चूक तुझ्या वहीत शोध."

ऋषींच्या चुकीला वैयाकरण चूक म्हणत नाहीत, आर्ष प्रयोग म्हणतात. माझ्या प्रोग्रामला आम्ही तोच मान दिला होता. तू आठ महिने वहीत चूक शोधलीस, आणि मग संशोधनच सोडलेस.

यंदा संगणक बदलले, तो प्रोग्राम नव्याने लिहायचा झाला. तो माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नाही, म्हणून मीच बसलो. शेवटून तिसऱ्या ओळीत पाऊणचा गुणक होता. शेजारी एकोणीस वर्षांपूर्वीची माझीच टीप: 'तात्पुरते'. जी घाई तू कारण शोधून कमी केली होतीस, ती मी काही न बघता पुन्हा कमी करत होतो. ओळ काढली, तुझे जुने आकडे घातले. प्रयोगाशी शंभरात एकाचाही फरक नाही.

हे काल कळलेले नाही, मुंगे. जूनमध्ये कळले. जुलैत तू घरी आलीस, माझ्या शेजारी बसून जेवलीस, आणि मी तुला पावसाचा अंदाज विचारत राहिलो. ऑगस्टमध्ये माझ्या विभागप्रमुखपदाचा निर्णय होता. अर्जात तोच प्रोग्राम माझे मोठे काम म्हणून दाखवला होता. पद मिळाले. खुर्ची त्या पदाची आहे.

गुरुवारी त्याच फळ्यापुढे उभा राहून सगळ्यांना ती ओळ दाखवली. कोणी हसले नाही; हसले असते तर बरे झाले असते. पद सोडत असल्याचे संचालकांना लिहून दिले आहे.

सोबत लेखाचा मसुदा आहे. नाव फक्त तुझे. दुसऱ्या एका गटाने गेल्या वर्षी हाच निष्कर्ष छापला, म्हणजे पहिलेपणा गेला. तो मला परत आणता येत नाही. तुझ्या वहीतल्या तारखा मात्र मसुद्यात घातल्या आहेत. माझ्या चुकीचा परिच्छेद चारदा लिहिला, चारही वेळा तो सभ्य झाला. तो तू लिही. छापायचेच नसेल, तर तेही तुझ्यावर. परत ये, असे म्हणणार नाही. तुला ढगांत बरे वाटत असेल.

एरवी इथे आशीर्वाद लिहितो. आज तो अधिकार चालवत नाही.

तुझे बरोबर होते.

मामा