येमिमाची गोळी आणि माझी परीक्षा

डिमोना, हनुक्काचा सण, १९९८

सौ. शुला हिला नेहेमियाचा शालोम आणि अनेक आशीर्वाद. पनवेलला तुम्ही सगळी देवाच्या कृपेने खुशाल असाल, तुझ्या यजमानांचा गुडघा आता निमूटपणे जिना चढत असेल. आम्हीही बरे आहोत (मी बरा आहे, तुझ्या बहिणीचं खाली लिहितो). इतक्या वर्षांनी आमच्याकडून पत्र आलेलं बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही.

तर येमिमाला विसर पडतो. आधी किल्ल्या विसरायची, मग रस्ते, आता हिब्रू विसरत चालली आहे. भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते आणि (काय सांगू) पूर्वीपेक्षा ताजी भाजी आणते. पण मागच्या महिन्यात मलाच विचारलं, तुम्ही कोण, कोणाकडे आलात? मी हसण्यावारी नेलं आणि न्हाणीघरात जाऊन रडलो. बेरशेबाला म्हातारपणी मेंदूला आणि मज्जातंतूंना होणाऱ्या दुखण्यांवर संशोधन चालतं. तिथे नवी गोळी तपासायची आहे, त्यात येमिमाला घ्यायला ते तयार झाले. अट एकच. गोळी वेळेवर देणाऱ्या घरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर हवं. म्हणजे माझं. (हसू नकोस.)

आमची परीक्षा घेणारी डॉक्टर अनात. वय आपल्या येलाएवढं, पायात सपाता, आणि म्हणते मला नुसतं अनात म्हणा. इथे सगळे असेच, पण माझी जीभ वळत नाही, मी डॉक्टरीणबाई म्हणतो. हिब्रू अडलं तर सांगायला लेक येला सोबत होतीच. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावलं आणि म्हणाल्या, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. आता तूच सांग, सरकारी जागा, समोर शिकलेली बाई, तिथे डुकराचं नाव कसं काढायचं? मला वाटलं, आपण इंडियातून आलेले, कोशेर काय ते आपल्याला कळतं की नाही हेही बघत असतील. म्हणून मी आपल्या धर्माने खाण्यात चालतील तेवढेच निवडून घेतले. बकरी, मेंढी, गाय, कोंबडी. मग रावस, पापलेट, बोय. आणि बोंबलापाशी अडकलो. खवल्याशिवायचा मासा चालत नाही, आणि बोंबलाला खवले धरायचे की नाही, यावर आमच्या घरात माझ्या आजोबांपासून दोन मतं आहेत. ती दोन्ही मनाशी तोलून पाहीपर्यंत मिनिट संपलं. येमिमाने मात्र माकड, कोल्हा, उंट, डुक्कर बिनदिक्कत सांगितले आणि गाढव म्हणताना माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. येलाला हळूच म्हणाल्या, वडिलांनाही विसर पडतोय का ते तपासायला हवं, आणि तसं असेल तर आईला घेता येणार नाही. माझ्या बोंबलापायी येमिमाची गोळी जाणार! मी येलाचा हात धरून सगळं मराठीत सांगून टाकलं, खवल्यांसकट. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत गं. पेन खाली ठेवून माझीच माफी मागितली, म्हणाल्या, प्रश्न आमचा अर्धवट होता. वरच्यांकडे स्वतः गेल्या, परवानगी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा, या वेळी मराठीत, कोशेर असो नसो सगळं चालेल म्हणून. मी सिंहापासून ढेकणापर्यंत सगळं जंगल त्यांच्या टेबलावर सोडलं. पास झालो.

मग त्यांनी आम्हाला उंदीर दाखवले. आपण उंदराला सापळा लावतो, इथे म्हाताऱ्या उंदरांची बडदास्त ठेवतात. पाठीच्या मणक्याला इजा झालेल्या एकाला पुन्हा चालायला शिकवत होते. दुसरा एक पांढरा म्हातारा पाण्यात पोहत होता, पाण्याखाली दडवलेला पाट शोधत. कालचा पाट कुठे होता ते त्याने आठवायचं. भिडू चुकला, गोल फिरला, पुन्हा चुकला. चारचार पदव्या घेतलेली माणसं त्याच्याभोवती श्वास रोखून उभी. त्याला पाट सापडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. येताना बसमध्ये मला माझीच लाज वाटली. येमिमाला चष्मा सापडला की मी आजवर ‘सापडला एकदाचा!’ म्हणून ओरडायचो. आता टाळी वाजवतो. तिला वाटतं मला वेड लागलं. अशी माणसं आपल्या वाट्याला आली हे नशीब म्हणायचं. देव त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि त्यांच्या उंदरांनाही.

लहानांना पापे.

तुझा भावोजी,
नेहेमिया

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मलिद्याच्या पोह्यांवरून तुम्हा बहिणींत जे भांडण झालं (पोह्यांचा गिचका झाला होता हे मान्य, पण तू चारचौघांत बोलायला नको होतंस), ते येमिमा साफ विसरली आहे. आठवण करून दिली तर म्हणते, छे, शुला असं बोलेल का? रोज संध्याकाळी दारात उभी राहून विचारते, शुला अजून कशी आली नाही? तर शुला, ये.

पुन्हा ता. क. गोळी होळीच्या सणानंतर सुरू होणार (इथले त्याला पुरीम म्हणतात). डॉक्टरीणबाईंवर माझा पुरता भरवसा आहे, गुण येणार आणि तिला सगळं आठवणार. म्हणून त्याच्या आत ये.