थांबलेल्या गाडीतला उजेड

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ मे २००२, मंगळवार

चि. संघप्रियास आईचा जय भीम. जावईबापूंना त्यांच्या रीतीनं शरणू, सौंदर्याला पापा. आम्ही दोघं बरी हाय. आबांचा गुडघा तेवढा कुरकुरतोय.

आधी आली ती शेजारची बाळाबाई. रविवारचं अकरा वाजलं असतील. मी भाकऱ्या थापत बसलेली आन् ही दारातनंच वरडतेय, "झुंबरबाई, गाडी बघायला पावणं आल्यात!" तिच्या मागनं एक पोरगी, दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. आन् पोरीच्या मागं जावईबापू. माझी भाकरी तव्यावर जळाली बघ. फोटोत उंच दिसतात की गं तुझे वीरेश! उंबऱ्यात माझ्याएवढेच निघाले.

त्यांनी घरी येऊन तुला सांगितलंच असेल. पण बोलायला कमी माणूस, चार वाक्यांत आटपलं असणार. म्हणून मी लिवते. चौथीपातुर शाळा माझी, अक्षर वाकडं हाय, सावकाश वाच.

आता गाडी कसली ते ऐक. बाळाबाईच्या पोरानं, सयाजीनं, दुबईहून खेळण्यातली आगगाडी आणलेली. रूळ जोडायचे, रुळात करंट सोडायचा, इंजिन पळतंय. मागं चार डबे, हातभर लांब गाडी. सयाजी परत गेला आन् खोकं माळ्यावर पडलं. बाळाबाई म्हणाली, "दाजी, तुम्ही रेल्वेतले, तुम्हीच बघा." आबांनी एक डबा उचलला, खिडकीला डोळा लावला आन् म्हणाले, "ह्यात दिवं न्हाईत की." झालं. बत्तीस वर्षं मिरजेत डब्यातले दिवे न् पंखे नीट करण्यात गेली, अंधारा डबा त्यांना बघवंना. रिटायर झाल्यापासनं भिंतीकडं बघत बसणारा माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टेशन रोडला बल्ब आणायला गेलता.

मला ह्यातलं काय कळतंय? पण मीबी बसले शेजारी. दिव्याच्या माळेत असतात तसले बल्ब, गव्हाच्या दाण्याएवढे. डब्याचं छप्पर नखानं उचकटलं की निघतंय, आत बाकं, इवलासा संडासबी हाय! छपराला आतनं बल्ब चिकटवला, पेटवला, तर उजेड खिडकीतनं यायचा सोडून सगळा डबाच लाल. कंदील झाला कंदील. पत्रा न्हाय न्हवं तो, प्लास्टिक. आबा कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, "चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद आतनं लावा की." लावला, आन् उजेड फक्त खिडक्यांतनं पडला, फरशीवर चौकोन चौकोन. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला मिरजेत भरतीच करायला पायजे हुती." चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेबी चहाच्या पुड्यावरनं.

पण सेल कुठं ठेवायचा? प्रत्येक डब्यात पेन्सिल सेल ठेवले तर इंजिनाला ओझं ओढंना. जागच्या जागी गुरगुरतंय नुसतं. आठ दिवस तिथंच अडून बसलते, आन् रविवारी हे पावणं.

डाव बाळाबाईचाच, पण तिनं आबांना पावणं म्हणूनच सांगितलं, कोण ते न्हाय सांगितलं. आबांनी फोटो बघितलेले न्हाईत. तू पत्रं बाळाबाईच्या पत्त्यावर पाठवतीस हेबी त्यांना तवा ठाऊक नव्हतं. मी गप पाणी दिलं.

जावईबापूंनी खाली बसून डबा बघितला. "रुळात करंट हायच की मामा. चाकाला पत्ती लावून तिथनंच दिव्याला घ्यायचा."

आबा उसळले. "पावणं, तुमचा धंदा कशाचा?"

"टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा."

"मग बरोबर हाय. डब्याला दिवा रुळातनं येत नसतोय. डब्याखाली बॅटरी असती. रुळातनं घेतला तर गाडी थांबली की दिवा गेला! थांबलेल्या गाडीतच उजेड लागतोय. माणूस चढतंय तिथं, उतरतंय तिथं."

"पण सेलचं ओझं?"

"तेच तर!"

सौंदर्या पालथी पडून डब्याच्या खिडकीतनं बघतेय. मग जावईबापू हळूच म्हणाले, "चार डब्यांना चार कशाला? शेवटच्या गार्डाच्या डब्यात दोन सेल ठेवायचे, आन् तिथनं बारीक वायर पुढच्या डब्याला, त्याच्यातनं त्याच्या पुढच्याला."

तुझ्या आबांनी मांडीवर अशी थाप मारली की बाळाबाईच्या हातातली कपबशी हिंदकळली. "अवं, हेच करत हुतो की आम्ही! एका डब्याची बॅटरी बसली की शेजारच्या डब्यातनं वायर ओढायची आन् गाडी सोडायची! स्वतःचंच काम विसरलो मी. कुठलं हो तुम्ही?"

"बेळगाव," जावईबापू म्हणाले. मी लगोलग म्हटलं, "जेवून घ्या आधी."

जेवले कुठलं! वायरी सोलत दोघं दोन वाजेपर्यंत. वायर आखूड झाली की वळणावर डबा रुळावरनं उतरतोय, लांब झाली की चाकात अडकतीय. शेवटी सौंदर्याची रिबन असती तशी सैल झोळ देऊन सोडली, तवा जमलं. मग भर दुपारी दारं-खिडक्या लावल्या, खिडकीवर माझं लुगडं टाकलं. घामानं आंघोळ. पण गाडी फिरली गं! चार डबे, सगळ्या खिडक्यांत उजेड. आबांनी बटण बंद केलं, गाडी थांबली, दिवे तसेच. मी रांगत जाऊन आत डोकावले ह्या वयात. बाकं दिसतात, बाकाची सावलीबी दिसती. हे सगळं रोज गाडीत बसणाऱ्या माणसाला का दिसत न्हाय, म्हणून मला कोडंच पडलं.

सौंदर्या म्हणाली, "आत कुणीच नाही." आबा म्हणाले, "बसतील की. तुझं नाव काय गं बाळ?"

पोर उठली, शाळेत उभं राहतात तशी हात खाली सोडून उभी राहिली. "सौंदर्या वीरेश पट्टणशेट्टी, इयत्ता तिसरी, बेळगाव."

आडनाव आबांच्या ध्यानात राहिलेलं. तू गेल्याला दहा वर्षं झाली तरी. हातातली पकड त्यांनी खाली ठेवली. बाळाबाईनं मान वळवली. आबा पोरीकडंच बघत म्हणाले, "आई का न्हाय आली?"

"मम्मी म्हणते, कोल्हापूरला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही."

आबांनी उठून दार उघडलं. मला वाटलं, आता घालवतात. पण ते उन्हात नुसतेच उभे राहिले, आन् पाठ न वळवताच जावईबापूंना म्हणाले, "परत कधी येताय?"

ते गेल्यावर आबा गाडीपाशी येऊन बसले. म्हणाले, "चोरून गेली त्याचं न्हाय काय. एक चिठ्ठी तरी ठेवायची हुती पोरीनं. दोन ओळी."

संघप्रिया, आता पुढचं लिवायला दोन दिवस लागले मला. वर गाडीचं एवढं लिवलं, ते ह्याच्यापासनं लांब राहायला. तू चिठ्ठी ठेवलेलीस. मला ठाऊक हाय, कारण ती मीच उचलली. "आबा, निपाणीला मैत्रिणीच्या घरी हाय. सोमवारपातुर थांबते. तुम्ही आल्याशिवाय लग्नाची सही करणार न्हाय." खाली पत्ता. आन् त्याच वेळी दारात तुझा चुलता हंबीरराव जीप घेऊन उभा, चार माणसं, हातात काठ्या. "पत्ता सांगा, फरफटत आणतो," म्हणत हुता. आबाबी तवा रागानं आंधळे झालते. मी चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सारली. म्हटलं, जीप जाऊदे, मग देते. जीप गेली. सोमवारबी गेला. मग कुठल्या तोंडानं देऊ?

जीपवाल्यांपासनं लपवली, ते मी आजबी करीन. पण तुझ्या पहिल्याच पत्रात तू विचारलंस, आबांनी चिठ्ठी वाचली का. मी "वाचली" म्हणून लिवलं. ते मात्र भ्यालेल्या बाईनं लिवलं. तू सोमवारी संध्याकाळपातुर वाट बघितलीस, आन् आबा चिठ्ठी वाचूनबी आले न्हाईत असं धरून बसलीस. आन् इथं हे बसले, पोरीनं साधं विचारलं न्हाय म्हणून. दोघांच्या मधे मी एकटी, दोघांनाबी जेवायला वाढत.

त्याच रविवारी, इतकी वर्षं ट्रंकेत जपलेली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून वाचली, परत वाचली. मला म्हणाले, "सोमवारपातुर थांबली हुती ती?" मी म्हटलं, व्हय, आन् आपल्या पत्रांचंबी सांगून टाकलं. वरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. ताट घेतात, खातात, धुऊन ठेवतात. आज, गुरुवारी, सकाळी तेवढं बोलले: "तिला कळलंय का? न्हाय ना? तू केलंस, तूच लिही. बाळाबाईकडनं लिवून घेऊ नको."

म्हणून हे माझ्या हातचं. तू रागाव. मला पत्र टाकू नको वाटलं तर टाकू नको. पण आबांवरचा राग माझ्या नावावर कर, त्यांच्या नावावर ठेवू नको. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं गं.

जावईबापूंनी दारात आबांना शब्द दिलाय, बुद्ध पौर्णिमेला येतो म्हणून. सव्वीस तारीख, रविवार, सकाळची एसटी. सौंदर्याबी हो म्हणाली. तुझा शब्द कुणी दिलेला न्हाय, आन् मी मागत न्हाय.

तुझी चिठ्ठी लपवणारी, तुझीच आई,
झुंबरबाई गणपतराव कांबळे