गवताच्या राखणदाराचा कबुलीजबाब

चि. छोटीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तब्येत बरी आहे ना? वेळेवर जेवतेस ना? झोप लागते ना? (या तिन्हींची उत्तरं पुढचं वाचण्याआधीच देऊन टाक.) काकू ठणठणीत आहे. मी घाबरलेला आहे, पण ते माझं नेहमीचंच. फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि माझी त-त-प-प होते. पत्र बिचारं निमूट ऐकून घेतं.

शुक्रवारी तुझे परीक्षक आपल्या शेतातला तुझा गवताचा तुकडा बघायला येणार आणि त्यावर तुझी पीएच.डी.ची डॉक्टरकी ठरणार, हे मला पाठ आहे. जुन्या माळावरचं ओलं गवत कापून तू इथे पसरलंस, त्यातून बी गळलं आणि तीन वर्षांत चाळीस जातींचं रान उभं राहिलं, हेही पाठ आहे. पाच महिन्यांपूर्वी जाताना तू एवढंच म्हणालीस, "काका, फक्त लक्ष ठेवा. कशालाही हात लावू नका." छोटे, चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला हात लावू नका म्हणणं सोपं आहे, पण ते हातांना कोण सांगणार?

पहिला आठवडा मी खुर्ची टाकून बसलो. गवत कमरेएवढं, त्यामुळे सापाच्या भीतीने पाय वर घेऊन बसलो. फेरी मारताना थाळीवर चमचा वाजवत जायचो, म्हणजे साप बाजूला होतील. (सापाला ते ऐकू येत नाही, हे तू नंतर कळवलंस. आधी सांगितलं असतंस तर माझा जीव तरी थाळीच्या भरवशावर राहिला नसता.) एकदा पायाखालून लावा पक्षी फुर्रकन उडाला आणि मी थाळी टाकून थेट विहिरीपर्यंत पळालो. काकू तेव्हापासून मला राखणदार म्हणते. त्यातला सूर मला कळतो.

पण खरी भीती रस्त्याची. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, शेत पडीक टाकलं की काय? कुणी म्हणायचं, वय झालं, होत नसेल आता. साप परवडला, पण हे ऐकवेना. रस्त्यावर पावलं वाजली की माझे कान गरम व्हायचे. मग एका सकाळी मी फक्त कडेचं एक रोप उपटलं. तेवढंच. नंतर शेजारचं, कारण आता तेच उठून दिसायला लागलं. खुरपं कधी हातात आलं, देवाशपथ आठवत नाही. मान वर केली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि तुझा तुकडा झाडलेल्या अंगणासारखा लख्ख. मक्याची सात ताटं तेवढी ठेवली, कारण ती पीक आहेत. छान वाढली आहेत. परीक्षकांना मका चालतो का?

त्यानंतर मी तुला सहा पत्रं लिहिली आणि सहाही पत्रांत गवत मजेत असल्याचं कळवलं. त्याची मला लाज वाटते. लावा परत आला नाही. तो उडाला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आता नुसता शुकशुकाट असतो आणि त्याचीच जास्त भीती वाटते. तुझी तीन वर्षं मी एका सकाळीत उपटली, पोरी. काकूलाही परवाच सांगितलं. ती रागावली नाही. गप्प बसली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

तरी तू काळजी करू नकोस.

तुझा,
काका

ता. क. काळजी कर. उपटलेलं सगळं मी तेव्हा शेजाऱ्याच्या बांधावर फेकलं होतं. (आमचं अकरा वर्षं बोलणं नाही, त्यामुळे परवानगी विचारायचा प्रश्न नव्हता.) त्यात पिकलेलं बी असणार. मध्ये सरी पडल्या आणि काल बघतो तर त्याच्या रुंद बांधावर तुझं रान उगवलंय, तुऱ्यांसकट! आणि उद्या सकाळी तो तणनाशक मारणार आहे. म्हणून खरं काम हे, की पत्र मिळताच तू त्याला फोन कर (रात्रीच्या दूधगाडीने देतोय, पहाटे तुझ्या हातात पडेल). माझ्याच्याने होणार नाही. तो रागीट आहे आणि बांधाच्या भांडणात चूक माझी होती.

ता. ता. क. पत्र न्यायला रात्रीची दूधगाडी अजून आलीच नाही, तोवर सकाळ झाली आणि फवारणीच्या पंपाचा आवाज आला. मी गेलो. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, हे मारू नकोस, हे तण नाही. तो म्हणाला, "मग नाव सांग याचं." नाव! जन्मभर उपटत आलो, कधी विचारलं होतं नाव? पाचावर धारण बसली आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो. तुझं शाळेतलं नाव. त्याने वाकून एक तुरा हातात घेतला आणि म्हणाला, "छोटीचं नाव दिलंय याला? माझ्या खांद्यावर बसून बाजारात यायची ती." त्याने पंप उतरवला आणि मी परीक्षकांचं सांगताच, त्यांना बांध दाखवायला स्वतः उभा राहतो म्हणाला. तेव्हा शुक्रवारच्या आत त्या गवताला कुठेतरी, कसंही करून, तुझं नाव देऊन टाक. पंप अजून भरलेला आहे.