अकरा वाजून वीस मिनिटं

जुळे सोलापूर,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय विरेश,

नमस्कार. अक्षर ओळखलंस का माहीत नाही. पाकिटावरचं नाव वाचून पत्र फाडलं नसशील, तर पुढं वाच.

आम्ही इकडं ठीक आहोत. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. आता दिवसभर जुने कॉम्प्युटर उघडून बसतो. गॅलरीत चार डबे आहेत, पलंगाखाली दोन. प्रेमला म्हणते, "घरात माणसं दोन आणि कीबोर्ड अकरा." इंटरनेटवर जगभरच्या माझ्यासारख्या वेड्यांची एक साइट सापडलीय. तीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम तिथं फुकट मिळतात, बंद पडलेल्या डिस्क कशा वाचायच्या तेही शिकवतात. तुला आवडली असती. हे लिहिलं आणि थांबलो, कारण तुला आता काय आवडतं ते मला ठाऊक नाही.

डिसेंबरमध्ये आपल्या वाचनालयानं अडगळीची खोली रिकामी केली. रद्दीखाली आपला तो पांढरा कॉम्प्युटर निघाला. पुस्तकांचा कॅटलॉग पुसला गेल्यावर समितीनं नवा घेतला आणि याला कुणी हातच लावला नव्हता. मी तो रिक्षात घालून घरी आणला.

तुला सांगतो, त्यावेळी मला फार आनंद झाला होता. वाटलं, डिस्कवर नवं काही लिहिलं गेलं नाही, म्हणजे पुसलेलं अजून आत असणार. आपण दोघांनी दोन वर्षं बसून टाइप केलेल्या नऊ हजार चारशे पुस्तकांच्या नोंदी! तू नावं वाचायचास, मी टाइप करायचो. दुपारनंतर अदलाबदल. तीन दिवस खटपट केली आणि आठ हजारांवर नोंदी परत आल्या. मी प्रेमलाला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवल्या.

त्यांच्याच खाली आणखी एक पुसलेली फाइल होती. पुसलेल्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर जातं, त्यामुळं आधी कळलं नाही. तो माझा सफाईचा प्रोग्राम होता.

तुला आठवत असेल. डिस्क भरत आली म्हणून मी तो लिहिला होता. मशीन सुरू झालं की आपोआप चालायचा. दोनच ओळी. पहिली ओळ: कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी: तिथलं सगळं पुसून टाक. आणि ते कचऱ्याचं फोल्डर आदल्या संध्याकाळी मीच काढून टाकलं होतं. मग सकाळी मशीन कुठं जाणार? जिथं होतं तिथंच थांबलं आणि तिथलं सगळं पुसलं. तिथं आपला कॅटलॉग होता.

तू फक्त बटण दाबलंस.

तरी मनात म्हटलं, चूक झाली, अजाणता झाली. हेच तुला लिहावं आणि माफी मागावी. तसं एक पत्र लिहूनही ठेवलं होतं. ते फाडलं. कारण मशीन सुरू होताना जी फाइल वाचली जाते, तिच्यातून सफाईचा प्रोग्राम चालवण्याची ओळ काढलेली होती. ती फाइल शेवटची कधी बदलली, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ६ ऑगस्ट २००१, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

विरेश, मी खरंच सांगतो, मला हे आठवत नव्हतं. पंचवीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी मशीनला हात लावला नाही, आणि ते मला खरं वाटत होतं. ती वेळ बघितली आणि सगळा प्रसंग समोर उभा राहिला. मी अकराला आलो. तू दारातच होतास, चेहरा पांढराफटक. म्हणालास, "अण्णा, बघा की काय झालंय! सगळं गेलंय. सुरू करताना तुमचा तो सफाईचा प्रोग्राम चालला, मी बघितलंय स्क्रीनवर."

आणि मी म्हणालो, "घाबरू नकोस. जा, चहा सांगून ये."

तू चहा सांगायला गेलास, आणि मी ती ओळ काढली, प्रोग्राम पुसला.

चार वाजता समितीसमोर तू तेच सांगितलंस. त्यांनी मशीन लावून बघितलं. असा प्रोग्रामच नव्हता. माझ्याकडून लिहून मागितलं, तेव्हा मी एकच वाक्य लिहिलं: 'संगणक सुरू करताना श्री. विरेश एकटेच हजर होते.' त्यात खोटं काही नव्हतं. त्यावर तुला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी दुधनीहून तुझे वडील आले. महादेवप्पा हात जोडून उभे होते, म्हणत होते, "पोरगा खोटं बोलत न्हाय हो माझा." मी खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या बुधवारी मी दुधनीला आलो होतो. तुझ्या आडतीच्या दुकानात. तू अक्कलकोटला गेला होतास. तुझी मुलगी राजनंदिनी होती, लॅपटॉपवर पावत्या करत. भिंतीवर महादेवप्पांचा हार घातलेला फोटो. मी उशीर केला हे तिथंच कळलं.

मी कोण ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "पप्पा शिकवतात का तुला कॉम्प्युटर?"

ती हसली. "छे हो काका! पप्पा हातच लावत न्हाईत. मोबाइलवरचा फोटोसुद्धा मलाच पाठवायला लावतात. म्हणतात, माझा हात लागला की पुसलं जातं. तरुणपणी कुठंतरी कामाला होते म्हणे, तिथं त्यांच्या हातनं लई मोठं नुकसान झालतं."

मी विचारलं, "त्यांच्याच हातनं?"

"व्हय. आधी त्यांना वाटायचं दुसऱ्याचं कायतरी चुकलं. मग म्हणायले, मलाच भास झाला असंल."

तिनं पाणी पुढं केलं. मी पेला तसाच ठेवला. मला वाटत होतं तू मला शिव्या देत जगत असशील. त्याची तयारी करून मी आलो होतो. तू माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतलास, याची तयारी नव्हती.

तिच्याकडून तुझा नंबर घेतला, पण फोन केला नाही. फोनवर मी गोष्ट वळवली असती. मी तेवढा हुशार आहे, हे आता तुलाही कळलंय.

वाचनालयाच्या सचिव देवयानीबाईंना मी सगळं लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, "सर, समितीतलं तेव्हाचं कुणी राहिलं नाही. आता कशाला?" मी म्हटलं, "राहिलेत. तो आणि मी, दोघं आहोत." बावीस तारखेच्या सभेत ते वाचलं जाईल आणि इतिवृत्तात तुझ्या नावापुढं 'निर्दोष' लिहिलं जाईल. सहीची प्रत सोबत जोडली आहे. सभेला यायचं की नाही ते तू ठरव. मी असेन, आणि वाचणारही मीच आहे.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागण्याआधी तुला एवढंच कळायला हवं: त्या सकाळी तुला भास झाला नव्हता. तू बघितलंस तेच घडलं होतं. हे पत्र राजनंदिनीला वाचायला दे. काका कोण होते, तेही सांग.

'तुझा' असं लिहायचा हक्क मी त्या दिवशीच गमावला, म्हणून नुसतं नाव,

चिंतामणी