ईराचा हात

शुक्र. १२ सप्टें.
इथं आखातात, अल हैलमध्ये कुंग फूचा पहिला क्लास. लेक ईरा एकटी जाईना, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मीही. सिफू म्हणजे तिथले गुरू, मलेशियाचे चिनी, साठीचे. गुडघे वाकवून दहा मिनिटं उभं केलं. मांड्या गेल्या. स्कूल बसमधल्या नववीच्या मुलीचं त्यांना सांगितलं. ईराची वेणी ओढते, डबा खिडकीतून फेकते. शाळेला दोन मेल केले, उत्तर नाही. सिफू एवढंच म्हणाले, आधी नीट उभं राहायला शिकू दे.

सोम. २९ सप्टें.
समोरचा हात अडवायचा, त्याच क्षणी ठोसा. घरी रोज दोनशे वेळा. ईराचं अगदी घोटीव झालंय. पण स्पारिंगला, म्हणजे जोडीनं लढायच्या सरावाला, ग्लव्हज घातले की दगड. माझा हात चेहऱ्याशी आला की डोळेच मिटते. सिफू मला म्हणाले, तू हळू मारतेस म्हणून ती घाबरते. लेकीला जोरात मारू? नाही जमलं.
नवऱ्याला, सुजितला, खाबुऱ्याला कामावर फोन. "होईल गं, इन्शाल्ला." झालं.

शुक्र. १७ ऑक्टो.
मारलं. बऱ्यापैकी जोरात. ईरानं अडवलं! आणि ठोसा थेट माझ्या हनुवटीवर. "सॉरी आई, तुला लागला?" मग हसली. किती महिन्यांनी.

बुध. २९ ऑक्टो.
दुपारी शाळेचा फोन. बसमध्ये कुणीतरी मागून ईराचा खांदा धरला. तिनं वळून तोंडावर ठोसा मारला. ती नववीची मुलगी नव्हती. जोया होती. आमच्याच बिल्डिंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. बसमध्ये रोज ईराशेजारी बसणारी ती एकटीच. ओठाला चार टाके, पुढचा दात हलतोय.
ईरा रडत नाही. "मी बघितलाच नाही आई. हात आपोआप गेला."
दोनशे वेळा. मोजायला मीच बसायचे.

गुरु. ३० ऑक्टो.
जोयाच्या आईकडे, शहनाजभाभींकडे गेले. दापोलीच्या. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आज दारातच. "पोर जेवत न्हाय. तुमच्या ईराला आमी कदी परकी मानली नव्हती."
माफी मागितली. काय करू, विचारलं.
"तुमी तरी काय करणार, ताई."
दार लागलं.

रवि. २ नोव्हें.
बसमध्ये आता ईराच्या वाटेला कुणी जात नाही. नववीची मुलगी स्वतःहून पुढे जाऊन बसली. हेच तर हवं होतं मला. जोया मात्र बसनं येत नाही, तिचे अब्बा सोडतात.

सोम. ३ नोव्हें.
सिफूंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हात थांबवणं सगळ्यात शेवटी येतं, वर्षं लागतात.
मग आधी का नाही...
ईरानं बूटच काढले नाहीत. भिंतीशी बसून राहिली. घरी जाऊ म्हटलं तर "नको". क्लास सोडू म्हटलं तरी "नको". मग काय, ते सांगता येत नाही तिला. ना मराठीत, ना इंग्लिशमध्ये.

गुरु. ६ नोव्हें.
संध्याकाळी भाजी घेऊन आलो. लिफ्टमध्ये आधीच जोया, एकटी. ओठ अजून सुजलेला. ईरा आत शिरली. "जोया..." म्हणून हात जरासा पुढे केला.
जोयानं दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.
ईरा बाहेर पडली, जिन्यानं पळाली. दार मिटलं. मी आत, जोयाबरोबर. तिचे हात अजून तसेच. मी भाजीची पिशवी धरलेले हात मागे घेतले. तिसरा मजला आला.