ओल्यावर चिकटणारी खळ

३ डिसेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. माझा गुडघा हवामान खात्यापेक्षा खात्रीचा झालाय, दुखला की थंडी वाढलीच. खालच्या मास्तरीणबाईंनी मांजर पाळलंय, पण ते जेवायला आमच्याकडे येतं. दुकानाच्या शटरला हिरवा रंग दिला. मला विचारलं असतं तर निळा सांगितला असता.

दुकान आठवडाभर बंद आहे. तू म्हणशील, बाबांनी स्वतःच्या लग्नादिवशीही अर्धा दिवस बाइंडिंग केलं, मग आताच काय झालं? तर बाई, वर ‘खुशाल’ लिहिलंय ते हाताच्या सवयीनं. तुला फोन करणार नाही असा माझ्या या भावानं माझ्याकडून शब्द घेतलाय. पत्राचं त्याला सुचलं नाही.

घाबरू नकोस. आता बरा आहे, घरी आहे, माझ्यावर खेकसतोय.

बोटांचे सांधे दुखतात म्हणून तो कितीतरी महिने उपाशीपोटी गोळ्या खात होता. कुणाला सांगेल तर शपथ. गेल्या सोमवारी दुकानात रक्ताची उलटी झाली, आणि हा गृहस्थ आधी शिवून ठेवलेली पुस्तकं बाजूला सरकवत बसला! मी पोचले तेव्हा चेहरा कागदासारखा पांढरा होता.

दवाखान्यात तोंडातून कॅमेऱ्याची नळी घातली. पोटातला व्रण वाहत होता, आणि जागा अशी अडचणीची की रक्त थांबवायचा चिमटा धरेना. मी बाहेर बाकावर होते. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “थांबलं रक्त.” नळीतून त्यांनी एक पावडर फवारली होती. रक्ताला लागताच तिचा जेल झाला आणि जखमेवर घट्ट बसला. खाली जखम भरत राहते, वर आम्ल लागत नाही, आणि काम झालं की तो आपसूक सुटून जातो म्हणे.

मी विचारलं, कसली पावडर? त्यांनी रिकामं खोकं दाखवलं. त्यावर तुझ्या प्रयोगशाळेचं नाव.

तू फोनवर सांगितलं होतंस, आमची पावडर आता दवाखान्यांत गेली म्हणून. मी ‘बरं बरं’ म्हणत कांदा चिरत होते. त्या दिवशी मात्र खोकं छातीशी धरून भर व्हरांड्यात रडले. माझ्या भावाला तू वाचवलंस गं. किती अभिमान वाटला, ते लिहायला मला जमत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा नळी घालून पाहिलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला जखमेचा फोटो दाखवला. चष्मा लावून तो असा बघत होता, जसा दुसऱ्या बाइंडरचं पुस्तक बघतो. म्हणाला, “कड उचललेली नाही. बुडबुडा नाही. हात चांगला आहे.”

मी म्हटलं, “तुझ्या लेकीचा आहे.”

तो चष्मा काढून पुसत बसला.

ओल्या जखमेवर धरेल अशी खळ शोधायला तू घर सोडलंस, त्या दिवशी तो काय म्हणाला ते मी विसरलेले नाही, तूही नसशील. “खळ कोरड्यावर धरते. ओल्यावर चिकटवायला निघालीस म्हणजे पाण्यावर रेघा ओढायला निघालीस.” आणि तू उंबऱ्यातूनच म्हणालीस, “चिकटवून दाखवेन, तेव्हाच येईन.” खाण तशी माती! त्यानंतर ना त्यानं फोन केला, ना तू. मी मध्ये बसून दोघांच्या तब्येती दोघांना कळवत राहिले.

काल चहा घेताना मला विचारतो, “पण ओल्यावर ती धरते कशी?” चिमणे, उभ्या जन्मात त्यानं खळीबद्दल कुणाला काही विचारलेलं नाही. मी म्हटलं, मला काय ठाऊक, जिनं केली तिला विचार. तर कप घेऊन उठून गेला.

तू तुझा अर्धा शब्द खरा केलास. आता ‘येईन’ म्हणाली होतीस, तो अर्धा राहिलाय. मी सांगत नाही ये म्हणून, पण तुझ्या खोलीत पांघरूण काढून ठेवलंय.

दोन हट्टी माणसांच्या मधली,
तुझी आत्या

ता. क. पाकीट शोधायला आत गेले होते. येऊन बघते तर पत्र जागचं हललेलं, आणि खाली हे. अक्षर तू ओळखशीलच.

ओल्यावर कशी धरते? येऊन दाखव. तोवर दुकान उघडत नाही.
— बाबा