बाबा, मी बरोबर वेळेचं घड्याळ घेतलं

प्रिय बाबा,

आज दुपारी पाणीखात्याच्या साहेबांना द्यायचा अर्ज लिहायला बसलो होतो. हिंदीतला अर्ज दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट उतरवला, आणि मग वाटलं, ही सगळी गोष्ट ज्यांची आहे त्यांना तर कोणी काहीच कळवलेलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, मराठीत. माझी शाळा हिंदीतली, तीही अकरावीत सुटलेली. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहितोय. कुठे चुकलं तर हसू नका.

आधी आई जे सांगेल तेच सांगतो. तुमचं घड्याळ चालू असताना मी नवं घेतलं.

"बाबांचं चांगलं घड्याळ सोडून काहून नवीन घेऊन राहिला?" आई म्हणाली. मी काय सांगणार? तिला वाटलं, नोकरी लागली, पोराला शौक सुचले. बाबा, तुम्हाला तर माहीत आहे, मी चप्पलसुद्धा झिजून झिजून अंगठा बाहेर येईपर्यंत घालतो!

खरं कारण तुम्हीच आहात.

दवाखान्यात नर्सने तुमच्या मनगटावरून काढून ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं, तेव्हाही ते दहा मिनिटं पुढे होतं. तसं ते कायमच असायचं. लहानपणी मी ते सरळ करायला गेलो की तुम्ही माझा हात बाजूला करायचे. "त्याला हात लावू नको. राहू दे तसंच." मला वाटायचं, तुम्ही आळशी आहात. मोबाईलमध्ये एक वेळ, हातावर दुसरी, आणि माणूस खुशाल चहा पिऊन राहिला!

तुमच्या जागी मला घेतलं ते तात्पुरतं, आधी काम बघू म्हणून. काम तेच, तुम्ही मला आजारपणात खाटेवरून शिकवलेलं. वस्तीच्या पाण्याचे दोन व्हॉल्व. एक वरचा, चढावरच्या घरांचा. दुसरा खालचा, रस्त्याकडच्या घरांचा. टाकीजवळच्या पाटीवर दोन्हींची वेळ एकच, सकाळी सहा. तुम्ही सांगितलं होतं, "घड्याळात सहा वाजले की वरचा फिरवायचा. मग चहा. मग खालचा. बाकी डोकं लावायचं नाही."

मी डोकं नाही लावलं, पण माझी छाती धडधडायची हो! तुमच्या घड्याळात सहा वाजायचे तेव्हा जगात सहा वाजलेले नसायचे. लोखंडी चावी लावून वरचा व्हॉल्व फिरवताना रोज वाटायचं, मागून कोणीतरी येईल आणि विचारेल, पाटीवर काय लिहिलंय, वाचता येतं का? नोकरी पक्की व्हायची आहे. साहेबांच्या एका शेऱ्यावर सगळं आहे. आणि मी रोज वेळेआधी पाणी सोडून राहिलो! तुमच्या चुकीमुळे, असं मला वाटायचं. माफ करा, पण वाटायचं.

म्हणून ठरवलं, असं घड्याळ घ्यायचं की कोणाला बोट दाखवायला जागाच राहू नये.

तुम्ही म्हणाल, मोबाईल होता की. होता. एकदा वाकलो तर खिशातून निसटून व्हॉल्वच्या चेंबरमधल्या पाण्यात पडला. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला तेव्हा बोलायला लागला. तेव्हापासून तो पिशवीत, प्लास्टिकमध्ये. आणि दोन्ही हात चावीवर असताना तो काढणार कसा? मनगटावर काटे हवेत. नुसती नजर टाकली की कळलं पाहिजे, आकडे वाचायला थांबायला नको. पहाटेच्या अंधारातही काटे दिसले पाहिजेत. चावी निसटून मनगटावर बसली तरी काचेला काही होऊ नये. आणि उन्हावर चालणारं हवं, म्हणजे बॅटरीसाठी मागचं झाकण उघडायला नको. तुमच्या घड्याळाचं झाकण एकदा हातगाडीवरच्या घड्याळवाल्याने उघडलं, तेव्हापासून काचेच्या आत वाफ धरते. आठवतं? तुम्ही ते चुलीजवळ धरून सुकवायचे आणि आई ओरडायची.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात मी इतक्या वेळा गेलो की दुकानदार मला बघून पंखा बंद करायला लागला. म्हणाला, "ये देखो भैया, रेडियो से टाइम पकड़ती है। रात को अपने-आप।"

मी विचारलं, "जबलपुर में पकड़ेगी?"

"दुनिया भर में पकड़ती है।"

"दुनिया में जबलपुर आता है क्या?"

तो हसला, पण मी हसत नव्हतो. डब्यातली पुस्तिका मागून घेतली. बारीक अक्षरात होती, पण एक नकाशा होता. जिथून वेळेचा संकेत सुटतो तिथे गोल काढलेले. जपान, चीन, अमेरिका, युरोप. आपलं जबलपूर कुठल्याच गोलात नव्हतं. घड्याळ रोज रात्री कान लावून बसणार आणि इथे त्याला कोणी काही सांगणारच नाही! बाबा, मी घेता घेता वाचलो. दुकानदारालाही ते माहीत नव्हतं. त्याने नकाशा बघितला आणि म्हणाला, "भैया, तुम घड़ी लेने आए हो कि लड़की देखने?"

शेवटी दुसरं घेतलं. मोबाईलशी जोडायचं. मोबाईल पिशवीत असला तरी चालतो. दिवसातून काही वेळा ते स्वतःच त्याच्याकडून वेळ विचारून घेतं आणि काटे जागेवर आणतं. दिसायला जाड आहे, माझ्या मनगटावर जरा डब्यासारखं. पहिल्या दिवशी मी काटे आपोआप सरकताना बघितले आणि मला फार शांत वाटलं. आता मी चुकूच शकत नाही, असं वाटलं.

तुम्हाला असं शांत कधी वाटलं होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा म्हणजे सहाला वरचा व्हॉल्व फिरवला. चहा सोडला, ड्युटीच्या वेळेत कसला चहा? धावत जाऊन लगेच खालचा फिरवला. पाटीप्रमाणे. तसाच आठवडा गेला. मला वाटलं, इतकं चोख काम या वस्तीने कधी बघितलं नसेल.

मग गेंदाबाई आल्या. चढावरच्या शेवटच्या घरातल्या, चार घरी स्वयंपाकाला जातात, तुम्ही ओळखताच. डोक्यावर रिकामा डबा, आणि आवाज असा की खालच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठली.

"क्यों भैया, नई घड़ी का पानी ऊपर नहीं चढ़ता क्या?"

मी म्हणालो, "अम्मा, टाइम पे खोला है। देखो, एकदम छह।" आणि मनगट पुढे केलं.

त्यांनी घड्याळ नीट बघितलं. म्हणाल्या, "बढ़िया है। तो इस छह से दाल धो लूँ?"

मी मनगट मागे घेतलं. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी सांगितलं, खालच्या घरांत मोटरी आहेत. खाली पाणी आलं की बटणं दाबली जातात आणि वरच्या नळात नुसती हवा फुसफुसते. आठवडाभर त्या हापशावरून डबे चढवून राहिल्या. कामाला उशीर झाला. एका घराने दुसरी बाई बघून ठेवली आहे.

"तेरे पापा ऊपर का खोलके चाय पीते थे। जब तक उनकी चाय खतम होती, हमारे डब्बे भर जाते।"

बाबा! तो चहा कामाचा भाग होता?

आणि ते दहा मिनिटं पुढचं घड्याळ? मी चहावाल्या भैयाला विचारलं. तो हसायला लागला. साहेब कधी चक्कर मारायला यायचे आणि म्हणायचे, अभी छह कहाँ बजे? तेव्हा तुम्ही मनगट पुढे करायचे. "साहब, मेरी में तो बज गए। पुरानी है, भागती है।" साहेब म्हणायचे, ठीक करा लो. तुम्ही म्हणायचे, जी साहब. किती वर्षं जी साहब म्हणालात तुम्ही?

मला सांगितलं का नाही? खाटेवर पडून मला सगळं शिकवलं, चावी कुठल्या बाजूला किती फिरवायची, झाकण उचलताना पाठ कशी सांभाळायची. हे का नाही सांगितलं? मी घाबरेन म्हणून? की मी पोटात ठेवू शकणार नाही म्हणून? दोन्ही खरं आहे. पण सांगायचं होतं. आठवडाभर गेंदाबाईंनी हापशावरून पाणी वाहिलं, आणि मी काटे बघून खूश होत होतो.

आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला नाही काही बोलले. मला म्हणायचे, घड्याळ पुढं असलं की माणूस धावत राहतो." मग पोळी तव्यावर टाकली. "मी बावीस वर्षं त्या घड्याळाच्या भीतीने यांचा डबा लवकर भरला," ती म्हणाली, आणि हसली. तुम्ही गेल्यापासून तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

आता माझी अडचण बघा. तुमचं घड्याळ परत बांधावं तर मला खरं माहीत झालेलं. नव्या घड्याळाला पुढे सरकवावं तर ते थोड्या वेळाने मोबाईलला विचारून परत जागेवर येतं. जोडणी तोडून ठेवता येते, पुस्तिकेत वाचलं. बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. नाही तोडली. साहेबांनी मनगट धरून विचारलं असतं तर माझ्या तोंडावरच दिसलं असतं. तुमचं तोंड वेगळं होतं बाबा, तुम्ही जी साहब म्हणायचे तेव्हा देवळात हात जोडून उभे असल्यासारखे दिसायचे.

दुसऱ्या दिवशी घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी असताना मी वरचा फिरवला. हात इतके घामेजले की चावीला फडकं गुंडाळावं लागलं. मग खालचा सहाला फिरवायचा म्हणून तोवर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. वरून डब्यांचे आवाज यायला लागले.

तसे काही दिवस गेले. काल साहेबांची स्कूटर आली. त्यांनी चढाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कितने बजे?"

"पाँच बावन, साहब।" मी मनगट पुढे केलं नाही. "ऊपर का खोल दिया है।"

"तेरे बाप की घड़ी भागती थी। तेरी भी भागती है?"

"नहीं साहब। मेरी सही है।"

"मतलब जान-बूझके।"

"जी।"

चहावाल्याने उकळता चहा गाळायचा थांबवला. साहेबांनी हेल्मेट काढून स्कूटरच्या सीटवर ठेवलं. मला वाटलं, गेली नोकरी. आईला काय सांगू, हेच डोक्यात. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मोटरी, वरचे नळ, कामावर जाणाऱ्या बायका. तुमचं नाव मात्र घेतलं नाही.

साहेब अजून तुम्हाला भाऊच म्हणतात. म्हणाले, "मैं क्या अंधा हूँ? भाऊ की घड़ी इतने साल भागती रही और मुझे पता नहीं चला?" मग म्हणाले, "वो बहाना देते थे तो मेरा भी काम चल जाता था। तूने तो मेरे लिए बहाना ही नहीं छोड़ा।"

साहेबांनी हेल्मेट परत उचललं.

"अर्जी लिखके ला। ऊपर का टाइम अलग करवाना है, कारण लिख। नीचे वाले हल्ला करेंगे। मंजूर होगी कि नहीं, मैं नहीं बोल सकता। और तेरी पक्की की फाइल भी उसी टेबल पे जाएगी, समझ रहा है ना?"

समजलं. म्हणून तो अर्ज तीनदा लिहिला. त्यात कोणाची तक्रार नाही, कोणाच्या मोटरीचं नाव नाही. फक्त वरच्या घरांना पाणी कधी मिळतं आणि कधी मिळत नाही, एवढंच साध्या शब्दांत लिहिलंय. उद्या सकाळी व्हॉल्व बंद करून थेट ऑफिसात नेऊन देणार. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? फाइल एकाच टेबलावर जाणार, हे काल दिवसभर मनातून गेलं नाही.

तुम्ही असता तर म्हणाला असतात, मंग्या, अर्ज-बिर्ज काहून करतो, गुपचूप घड्याळ पुढं कर. तुमचं ते बरोबर होतं. तुमच्या हाताला ते जमत होतं. माझ्या हाताला जमणार नाही, एवढंच.

बाबा, मी तुम्हाला वचन देतो. अर्ज मंजूर होवो, न होवो, जोवर ही चावी माझ्या हातात आहे तोवर वरचा व्हॉल्व आधी उघडेल. आणि त्या वेळी कोणीही येऊन विचारलं, किती वाजले, तर जे वाजले असतील तेच सांगेन.

तुमचा,
मंगेश
चेरीताल, जबलपूर